वैद्यकीय परिषदेत कारागिराला सत्र कसे मिळेल?

वैद्यकीय परिषदा आपल्या व्यापारी बांधवांना नवीन नाहीत. शस्त्रक्रियेची हत्यारे, कमरेचे पट्टे, कॅलिपर, कृत्रिम पाय, दवाखान्याचे सामान, मधुमेही रुग्णांची पादत्राणे अशा मालाचा धंदा करणारे अनेक जण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या परिषदेत स्टॉल घेतात. दोन-तीन दिवसांचे भाडे भरतात, माल मांडून बसतात. चहाच्या सुट्टीत डॉक्टर मंडळी येतात, वस्तू हातात घेऊन पाहतात, कार्ड खिशात टाकतात आणि घंटा वाजली की आत निघून जातात. आत सभागृहात जे चालते त्याच्याशी आपला काही संबंध नाही, ते शिकलेल्या लोकांचे काम, अशी आपली समजूत असते. ही समजूत पूर्ण खरी नाही. आतल्या कार्यक्रमात ज्याला ‘सत्र’ म्हणतात त्याची मागणी योग्य रीतीने केली, तर हाताने काम करणाऱ्या उस्तादालाही तेथे जागा मिळू शकते. मात्र ती जागा माल विकण्यासाठी नसते. हा फरक ज्याला समजला त्याचे अर्धे काम झाले असे समजावे.

सत्र म्हणजे परिषदेच्या वेळापत्रकातील एका विषयाला दिलेला तास-दीड तास. त्यात तीन-चार जण बोलतात, किंवा टेबलावर प्रत्यक्ष काम करून दाखवतात. परिषद भरण्याच्या सहा-आठ महिने आधी, आणि आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर कधी कधी वर्षभर आधी, आयोजक अशा सत्रांचे प्रस्ताव मागवतात. एकट्याने आपल्या कामाचा सारांश पाठवणे वेगळे आणि पूर्ण सत्राचा प्रस्ताव पाठवणे वेगळे. सारांश मंजूर झाला तर सात-आठ मिनिटे बोलायला किंवा भिंतीवर तक्ता लावायला मिळतो. सत्राच्या प्रस्तावात विषय, वक्ते, वेळेची वाटणी, ऐकणाऱ्याला काय शिकायला मिळेल ते, आणि लागणारे साहित्य, हे सगळे आपणच ठरवून द्यावे लागते.

जयपूरचे उदाहरण

कारागिराची विद्या वैद्यकाच्या दरबारात गेली याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जयपूर फूट. जयपूरच्या सवाई मानसिंग इस्पितळात १९६०च्या दशकाच्या अखेरीस अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि हस्तकारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून तो तयार केला. परदेशी नमुन्याचा पाय बुटात घालून चालण्यासाठी होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी चालतो. त्याच्या कामाचा पाय हवा तर तो रबराचा, साच्यात घालून भट्टीत पक्का केलेला असावा, ही गोष्ट टायरच्या दुकानातल्या कामावरून सुचली असे सांगितले जाते. १९७८ साली ‘प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात या रबरी पायावरचा लेख छापून आला. त्याच्या लेखकांच्या नावांत सेठी, उदावत, कासलीवाल यांच्यानंतर चौथे नाव आर. चंद्रा असे आहे. १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला आणि तो योग्यच होता. पण छापील लेखात कारागिराचे नाव राहिले ही गोष्ट आपल्या दृष्टीने कमी महत्त्वाची नाही. जे काम कागदावर येत नाही, ते पुढच्या पिढीत कोणी केले हे कोणी सांगू शकत नाही. परिषदेच्या छापील कार्यक्रमात नाव येणे ही त्या दिशेची पहिली पायरी होय.

आपल्या हद्दीतला विषय निवडा

प्रस्ताव नामंजूर होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे विषयाची निवड. कारागीर आपल्या वस्तूविषयी लिहितो, समिती रुग्णाविषयी वाचू इच्छिते. येथे एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत चालवू, म्हणजे सगळ्या गोष्टी स्पष्ट होतील. धारावीत चामड्याची कारखानदारी करणारे आपले बरेच बांधव आहेत. त्यांच्यापैकी एखादा मधुमेही रुग्णांसाठी खास चपला-बूट बनवतो असे धरू. त्याने मधुमेहाच्या पायाविषयीच्या परिषदेत सत्र मागायचे ठरवले.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा गेला, खिळा वर आला, तरी रुग्णाला कळत नाही. चालताना तळव्याच्या ज्या जागी दाब जास्त पडतो तेथे आधी घट्टा होतो, मग आत जखम होते, ती चिघळते आणि कित्येकदा बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. बधिर पायाला मऊ तळाचे पादत्राण द्यावे ही गोष्ट आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या सेवेतून पुढे आली. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. त्यांनी आणि करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्राने अशा पादत्राणांवर पुष्कळ काम केले, आणि एमसीआर या नावाने जे सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर बाजारात ओळखले जाते त्याचा प्रसार त्यातून झाला. म्हणजे हा विषय मुळातच डॉक्टर आणि चांभारकाम करणारा कारागीर यांचा एकत्र विषय आहे.

आता आपला कारागीर प्रस्तावाला नाव काय देतो? ‘मधुमेही रुग्णांसाठी आमच्या उत्कृष्ट दर्जाच्या पादत्राणांचा परिचय’. हे नाव वाचूनच समिती कागद बाजूला ठेवील. ही जाहिरात झाली, आणि जाहिरातीसाठी बाहेर स्टॉल आहेत.

त्यापेक्षा त्याने आपल्या दुकानात रोज काय घडते ते आठवावे. रुग्ण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर दोनच शब्द असतात : ‘एमसीआर चप्पल’. जखम कुठल्या पायाला होती, नेमकी कुठल्या बोटाखाली होती, पायाला सूज असते का, बोट कापलेले आहे का, पाय वाकडा झाला आहे का, काही लिहिलेले नाही. कारागीर अंदाजाने चप्पल देतो. पट्टा जुन्या जखमेवर येतो किंवा सर्वांत जास्त दाबाची जागा तशीच राहते. तीन महिन्यांनी जखम पुन्हा उघडली की डॉक्टर म्हणतात चप्पल वाईट होती, कारागीर म्हणतो चिठ्ठी अपुरी होती. ही जी फट आहे, ती कुठल्याही प्राध्यापकापेक्षा कारागिराला जास्त चांगली दिसते. हाच त्याचा विषय. म्हणून सत्राचे नाव असे असावे : ‘मधुमेही रुग्णाच्या पादत्राणाची चिठ्ठी कशी लिहावी आणि तयार चप्पल कशी तपासावी’. यात कोणाच्या मालाचे नाव नाही. डॉक्टरला सोमवारी ओपीडीत बसल्यावर उपयोगी पडेल असे काही आहे. माझ्या मते प्रस्तावाची खरी कसोटी हीच आहे.

पहिला परिच्छेद

समितीचे सभासद स्वतः कामात असलेले डॉक्टर असतात. आलेले प्रस्ताव आपसात वाटून घेऊन ते रात्री, प्रवासात, सवड मिळेल तसे वाचतात आणि गुण देतात. बऱ्याच ठिकाणी प्रस्ताव कोणाचा आहे हे त्यांना दाखवतही नाहीत. तेव्हा आपली पन्नास वर्षांची पेढी, वडिलांचे नाव, मिळालेली प्रशस्तिपत्रके यांचा पहिल्या परिच्छेदात काही उपयोग नाही. तेथे तीनच गोष्टी याव्यात : अडचण काय आहे, आजवर त्याविषयी काय सिद्ध झाले आहे, आणि तरीही काय राहून गेले आहे.

आपल्या उदाहरणात सिद्ध झालेल्या गोष्टी भक्कम आहेत. हॉलंडमधल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०१३ साली ‘डायबेटीस केअर’ या मासिकात आला. ज्यांच्या तळव्याची जखम नुकतीच भरली होती अशा १७१ रुग्णांना खास पादत्राणे देऊन दीड वर्ष पाहिले. निम्म्यांच्या पादत्राणांत दाब मोजून सुधारणा केली होती. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. पण जे रुग्ण शंभरातली ऐंशी किंवा त्याहून अधिक पावले ते पादत्राण घालूनच चालत होते, त्यांच्यात सुधारलेल्या पादत्राणाच्या गटात २५.७ टक्क्यांना आणि साध्या गटात ४७.८ टक्क्यांना पुन्हा जखम झाली. म्हणजे चप्पल चांगली असून भागत नाही, ती पायात असावी लागते. त्याच लोकांच्या दुसऱ्या पाहणीत दिसले की रुग्ण बाहेर पादत्राण घालतात, घरात काढून ठेवतात. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही धोका असलेल्या रुग्णाने घरात किंवा बाहेर अनवाणी चालू नये असे सांगितले आहे.

आणि राहून गेलेली गोष्ट? ती आपल्या देशातली आहे. आपल्याकडे उंबरठ्यावर चप्पल काढण्याची रीत आहे. घरात, मशिदीत, मंदिरात, दर्ग्यात कोणी चप्पल घालून जात नाही आणि जाणारही नाही. मग अशा रुग्णाला घरात वापरायची वेगळी, स्वच्छ, धुता येणारी जोडी द्यावी काय? ती कशी असावी? इबादतीच्या जागी मऊ तळाचे मोजे चालतील काय, की त्यांच्यामुळे घसरण्याचा धोका वाढेल? हॉलंडच्या तज्ज्ञाला हे प्रश्न पडत नाहीत. आपल्या गिऱ्हाइकाशी रोज बोलणाऱ्या कारागिराला पडतात. असा एक प्रश्न प्रस्तावात आला की वाचणारा थांबतो, कारण त्याच्या स्वतःच्या रुग्णांचा तो प्रश्न असतो.

उद्दिष्टे क्रियापदात लिहा

प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये ‘शिकण्याची उद्दिष्टे’ असा एक रकाना असतो. तेथे बहुतेक जण ‘पादत्राणांविषयी माहिती देणे’, ‘जागृती करणे’ असे लिहून मोकळे होतात. असे उद्दिष्ट पुरे झाले की नाही हे कोणी तपासू शकत नाही. सत्रातून बाहेर पडणारा माणूस काय करू शकेल ते लिहावे. उदाहरणार्थ : सत्रानंतर डॉक्टर शाईच्या रबरी चटईवर रुग्णाच्या पावलाचा ठसा घेऊन जास्त दाबाच्या जागा ओळखू शकतील. जुन्या जखमेची जागा, सूज, वाकडेपणा आणि कापलेली बोटे यांची नोंद असलेली चिठ्ठी लिहू शकतील. तयार चप्पल हातात घेऊन तळाचा मऊपणा, पट्ट्याची जागा, बोटांपुढची मोकळी जागा पाहून ती स्वीकारावी की परत पाठवावी हे सांगू शकतील. तीन पुरेत. दीड तासात दहा गोष्टी शिकवण्याचे वचन देणाऱ्यावर समिती विश्वास ठेवत नाही.

वेळेची वाटणी मिनिटांत द्यावी. आपल्या नमुन्यात ती अशी होईल. पहिली दहा मिनिटे मधुमेहतज्ज्ञ जखम पुन्हा का होते ते सांगतील. पुढची दहा मिनिटे पायाची तपासणी, त्यात दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने बधिरपणा कसा पाहावा ते. मग पन्नास मिनिटे टेबलावर काम : ठसा घेणे, जखमेच्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावून तो तळाच्या रबरावर उतरवून घेणे, त्या जागी रबर किती कोरावे ते पाहणे, चिठ्ठी लिहिणे. पंधरा मिनिटे चुकीच्या आणि बरोबर चपला ओळखण्याचा सराव. शेवटची पाच मिनिटे प्रश्न. टेबलावरच्या कामाला निम्म्याहून जास्त वेळ दिला आहे हे लक्षात घ्यावे. भाषणे सगळ्याच सत्रांत असतात. हाताने करून पाहायला मिळेल असे थोडेच प्रस्ताव येतात, आणि कारागिराचे बळ तेथेच आहे.

साहित्याची यादीही बारकाईने द्यावी. सहा टेबले, प्रत्येकी चार जण, म्हणजे चोवीसांपुरतेच सत्र. चोवीस जणांना पुरतील एवढे रबराचे तुकडे, सहा शाईच्या चटया, हात पुसायला कापड. हॉटेलच्या सभागृहात रबर तापवायचा ब्लोअर चालू देतील काय, उग्र वासाचे सोल्यूशन वापरू देतील काय, उघडी रापी टेबलावर ठेवता येईल काय, हे आधीच विचारून तसे प्रस्तावात लिहावे. ‘उष्णता, ज्वाला किंवा रसायन लागणार नाही’ हे एक वाक्य आयोजकांची मोठी काळजी दूर करते.

कोणाबरोबर जावे, काय म्हणून जावे

एकट्या कारागिराचा प्रस्ताव मंजूर होणे कठीण आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वैद्यकीय परिषदेत सत्राचा प्रमुख बहुधा डॉक्टर किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञच असतो. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने मान्य केलेल्या कार्यक्रमांतूनच ते मिळतात. त्यामुळे आयोजक वक्त्यांच्या पात्रतेविषयी दक्ष असतात. तेव्हा ज्यांच्याकडून आपल्याकडे रुग्ण येतात अशा एखाद्या डॉक्टरांना भेटावे. सोबत फिजिओथेरपिस्ट किंवा कृत्रिम अवयव विभागातले तज्ज्ञ असतील तर उत्तम. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत असा विभाग आहे. डॉक्टरांकडे जाताना ‘माझे नाव घाला’ असे म्हणत जाऊ नये. अपुऱ्या चिठ्ठ्या आणि परत आलेल्या चपला, रुग्णांची नावे झाकून, त्यांच्यापुढे ठेवाव्यात. विषय त्यांचा आपोआप होतो.

मग एक गोष्ट लाजू नये. प्रस्तावात आपले नाव कुठे आणि काय म्हणून येणार हे पाठवण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. ‘साहाय्य’ म्हणून शेवटी बारीक अक्षरात नको. टेबलावरचे काम आपण शिकवणार असू तर ‘प्रशिक्षक’ म्हणून नाव असावे. मात्र पदवी खरीच लिहावी. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट म्हणून काम करण्यास त्या परिषदेची नोंदणी लागते. ती नसेल तर ‘पादत्राण निर्माता’ किंवा ‘कारागीर’ एवढेच लिहावे. त्यात कमीपणा काही नाही, आणि खोट्या पदवीने सत्रच नव्हे तर धंदाही अडचणीत येतो.

व्यापाऱ्याला आत येऊ देतात का?

हा नाजूक भाग आहे. वस्तू विकणारा माणूस डॉक्टरांना शिकवू लागला तर तो आपल्याच वस्तूकडे वळवील, अशी शंका सगळ्या जगात घेतात, आणि ती निराधार नाही. अमेरिकेत डॉक्टरांच्या पुढील शिक्षणाला मान्यता देणारी एसीसीएमई ही संस्था आहे. तिच्या २०२० साली जाहीर झालेल्या नियमांत वैद्यकीय माल बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपनीच्या मालकाला व नोकराला अशा कार्यक्रमात बोलण्यास सामान्यतः मनाई आहे. पण त्याच नियमांत तीन अपवाद दिले आहेत. त्यांतला एक आपल्या कामाचा आहे : उपकरण सुरक्षित आणि बरोबर कसे वापरावे हे शिकवणारा तंत्रज्ञ म्हणून तो भाग घेऊ शकतो. अट एवढीच की ते उपकरण वापरावे की नाही, केव्हा वापरावे, याविषयी त्याने सल्ला द्यायचा नाही. हा नियम आपल्या देशाला लागू नाही, परंतु परदेशी परिषदांत आणि त्यांच्या वळणावर चालणाऱ्या आपल्याकडच्या परिषदांत ही रेषा उपयोगी पडते. कोणत्या रुग्णाला खास चप्पल द्यावी हे डॉक्टर सांगतील, ती कशी मापावी आणि तपासावी हे कारागीर सांगेल. प्रस्तावात ही वाटणी स्पष्ट लिहिली की समितीचा मोठा आक्षेप जागीच मिटतो.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या औषध विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषध कंपन्यांच्या विक्रीपद्धतीविषयी एकसमान संहिता काढली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वैद्यकीय उपकरणांसाठी तशीच संहिता आली. डॉक्टरांना भेटी देणे, त्यांचा प्रवास-मुक्काम करणे, परिषदांवर खर्च करणे यांवर त्यांत निर्बंध आहेत. आपला माल वैद्यकीय उपकरणांत मोडत असेल तर सोबत्या डॉक्टरांच्या तिकिटाचा खर्च करण्याचा मोह टाळावा. फॉर्ममध्ये ‘हितसंबंध’ असा रकाना असतो. तेथे ‘काही नाही’ असे चुकूनही लिहू नये. ‘मी अशा पादत्राणांचा निर्माता असून त्यांच्या विक्रीतून मला उत्पन्न मिळते’ असे सरळ लिहावे. उघड सांगितलेल्या हितसंबंधाने प्रस्ताव क्वचित पडतो. लपवलेला नंतर सापडला तर नाव कायमचे खराब होते. आपल्या दुकानाचे नाव, शिक्का, दर, फोन नंबर हे सत्राच्या चित्रांवर किंवा वाटायच्या कागदांवर नसावेत. सरावासाठी चपला ठेवायच्या तर दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या ठेवाव्यात, आणि चुकीच्या म्हणून दाखवायच्या चपलांत स्वतःचीही एक असावी. याने विश्वास बसतो तसा कशानेही बसत नाही.

वहीतले आकडे

समितीला पुरावा लागतो. मोठा अभ्यास कारागिराजवळ नसतो, पण वही असते. किती जोड्या दिल्या, किती रुग्ण महिन्याने परत आले, कितींना पट्टा बदलून द्यावा लागला, कितींची जखम उघडली, किती पुन्हा आलेच नाहीत, हे सगळे त्यात असले पाहिजे. चाळीस जोड्या दिल्या आणि पंचवीस रुग्ण परत आले असतील तर हिशेब चाळिसांचा मांडावा. उरलेले पंधरा बरे झाले असे धरून चालू नये. ज्याने आजवर वही ठेवली नाही त्याने आज सुरू करावी आणि या वर्षी आकड्यांवाचून फक्त सरावाचे सत्र मागावे. आकडे बनवू नयेत हे सांगण्याची गरज नाही.

रुग्णांची माहिती परिषदेत मांडायची तर इस्पितळाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याविषयी आहेत. हे काम सोबतच्या डॉक्टरांमार्फत करावे आणि त्याला काही आठवडे जातात हे धरून चालावे. पायाचे छायाचित्रही रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये.

पेटंटचा धोका

ज्यांनी काही नवीन शोधले आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. शोध जाहीर झाला की तो नवीन राहत नाही, आणि नवीन नसलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. परिषदेचे सारांश कित्येकदा परिषदेच्या आधीच छापले जातात. आपण व्यासपीठावर जाण्यापूर्वीच आपली युक्ती जाहीर झालेली असते. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे. शोधकाने स्वतः विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला, किंवा त्याच्या संमतीने तो त्या संस्थेच्या वृत्तांतात छापला गेला, तर त्यानंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास ते वाचन आड येत नाही. प्रदर्शनात वस्तू मांडण्यालाही अशी सवलत आहे, पण सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. परिषदेबाहेरच्या साध्या स्टॉलला ती मिळेल असे समजू नये. युरोपात अशी सवलत जवळजवळ नाही, तेव्हा निर्यातीचा विचार असेल तर बोलण्याआधीच अर्ज झाला पाहिजे. सोपा मार्ग म्हणजे आधी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करावा. पूर्ण विवरण देण्यास त्यानंतर बारा महिने मिळतात. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. अर्ज झाल्याची तारीख हाती आली की प्रस्ताव मोकळ्या मनाने पाठवावा. आणि ज्यात पेटंट घेण्यासारखे काही नाही अशी दुकानाची एखादी खास युक्ती असेल, ती प्रस्तावात लिहायचीच नाही.

पाठवण्यापूर्वी

फॉर्म आता संगणकावरच भरावे लागतात आणि शब्दांची मर्यादा कडक असते. तीनशे शब्द म्हटले की तीनशे एकावा शब्द घेत नाही. मजकूर बहुधा इंग्रजीत लागतो. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीला लिहायला बसवावे, पण आधी उस्तादाने आपल्या बोलीत सगळे सांगावे आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचून घ्यावे. इंग्रजी सुबक झाले आणि त्यात रबर कोरण्याची गोष्टच राहून गेली, असे होता कामा नये. नंतर या धंद्यातल्या नव्हे अशा एखाद्या डॉक्टरला तो कागद द्यावा आणि एकच विचारावे : यातून तुम्ही काय शिकाल? त्याने जे उत्तर दिले ते आपल्या उद्दिष्टांशी जुळले नाही तर कागद पुन्हा लिहावा. शेवटच्या तारखेला रात्री फॉर्म भरू नये, त्या रात्री सगळेच भरत असतात.

खर्चाचेही पाहावे. पुष्कळ परिषदांत वक्त्यालाही नोंदणी शुल्क भरावे लागते आणि प्रवासखर्च मिळत नाही. नियमपत्रिकेत ते लिहिलेले असते.

प्रस्ताव नामंजूर झाला तर नम्रपणे पत्र लिहून परीक्षकांचे शेरे मागावेत. काही आयोजक देतात. तेच सत्र पुढच्या वर्षी किंवा दुसऱ्या परिषदेत पाठवता येते. मधुमेहतज्ज्ञांनी नाकारलेला विषय अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा परिचारिकांच्या संघटनेला हवा असू शकतो. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, म्हणजे आयएसपीओची, जागतिक परिषद २०१३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला भरली होती. बनवण्याच्या कामाला अशा परिषदेत जास्त मान असतो. मंजूर झाला तर होकार कळवण्याची एक तारीख दिलेली असते. ती चुकली की जागा दुसऱ्याला जाते, मग कितीही रदबदली केली तरी उपयोग होत नाही. होकार लेखी पाठवावा, कार्यक्रमात नाव आणि पद कसे छापले आहे ते तपासावे, आणि रबराचे चोवीस तुकडे, थोडे जादा धरून, आदल्या दिवशी कापून टेबलांच्या क्रमाने बांधून ठेवावेत.